ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंगची सामायिक नोंदवही: लिहायला हात आहेत, सांभाळायला कोण?

आडवाट (धागाकर्ती)

ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वेबसाइट वापरता येते का ते तपासणं, पोटापाण्यासाठी करणारे मराठी लोक आता इथे बऱ्यापैकी जमले आहेत. कुणी मॅन्युअल टेस्टिंगमधून आलं, कुणी डिझाइनमधून, कुणी स्वतः स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरता वापरता या कामात पडलं. कॉलेजात हा विषय शिकून आलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. प्रत्येकाने इकडून तिकडून गोळा केलंय आणि ते आपापल्या लॅपटॉपवर पडून आहे.

ग्रुपवर तेच प्रश्न फिरून फिरून येतात. पॉपअप उघडल्यावर फोकस कुठे जायला हवा? एनव्हीडीए आणि जॉज हे दोन स्क्रीन रीडर वेगवेगळं बोलतायत, आता बग कुणाच्या नावावर टाकू? क्लायंट म्हणतो ऑटोमॅटिक टूलने शंभरपैकी शंभर दिले, मग तुमचं काय काम? उत्तरं चांगली मिळतात, आणि दोन दिवसांत वर सरकून गडप होतात. बंद ग्रुपमधलं सर्च इंजिनलाही सापडत नाही, त्यामुळे बाहेरच्या कुणाला त्याचा उपयोग शून्य.

म्हणून काही जणांनी मिळून एक सामायिक डॉक्युमेंट आणि सोबत एक शीट सुरू केली. पहिल्या जोशात भराभर भरली. आता ते प्रकरण इतकं लांबलंय की कुणी उघडत नाही, आणि त्यातलं आज काय लागू आहे ते छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. एकच नमुना देते. डब्ल्यूसीएजी या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीतला ४.१.१ पार्सिंग हा निकष त्यात अजून ‘तपासा’ म्हणून बसलाय. डब्ल्यूसीएजी २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तिच्यात तो काढूनच टाकलाय. नवीन माणूस आमची यादी प्रमाण मानून बसला तर अर्धा दिवस न बंद केलेले टॅग मोजत राहील.

माझं म्हणणं एवढंच, की लिहिणारे मिळतात, सांभाळणारे मिळत नाहीत. तेव्हा आधी सांभाळायचं कसं ते ठरवू, आणि जेवढं सांभाळता येईल तेवढंच लिहू. बोला.

कळफलक

पहिल्यांदा ते डॉक्युमेंट बंद करा. गिट रिपॉझिटरी (बदलांची नोंद ठेवणारा फायलींचा साठा) उघडा, साध्या मार्कडाउन फायली ठेवा, प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टने, म्हणजे आधी दाखवून आणि मंजूर करून, घ्या. कुणी, कधी, काय बदललं ते कायम दिसतं, आणि उद्या होस्टिंग बदलायची वेळ आली तर सगळं उचलून नेता येतं. ए-इलेव्हन-वाय प्रोजेक्ट हा ॲक्सेसिबिलिटीची माहिती गोळा करणारा प्रकल्प बघा. डेव्ह रूपर्ट यांनी २०१३ मध्ये सुरू केला, गिटहबवर उघड्यावर चालतो, लोक येतात, भर घालतात, जातात. आपल्याला नवीन काही शोधून काढायची गरज नाही.

अवांतर: ते डॉक्युमेंट नक्की कुणाच्या खात्यात आहे? कंपनीच्या खात्यात असेल आणि त्या माणसाने नोकरी सोडली तर?

आडवाट

@कळफलक, एका सदस्याच्या ऑफिसच्या खात्यात. तुमची शंका रास्त आहे, म्हणूनच घाई आहे.

दृष्टीआड_सृष्टी

मी स्क्रीन रीडरवर काम करतो. गिट मला चालतं, कमांड लाइन तर माऊसवाल्या कुठल्याही पडद्यापेक्षा सोयीची. पण डिझाइनमधून आलेल्या मंडळींना एकदा विचारा. पुल रिक्वेस्ट म्हटलं की त्यातले कितीजण गप्प बसतील ते बघा. मग सगळं प्रोग्रामरच लिहितील आणि प्रोग्रामरांसाठीच लिहितील. गिट ठेवा, पण ज्याला नको त्याला साधा फॉर्म भरून पाठवता आला पाहिजे. फॉर्ममधलं उचलून रिपॉझिटरीत टाकायचं काम कुणीतरी अंगावर घ्यावं.

आता खरी तक्रार. ती शीट. ‘झालं’ म्हणजे हिरवा, ‘चुकलं’ म्हणजे लाल, ‘शंका’ म्हणजे पिवळा. सेलमध्ये शब्द एकही नाही. ॲक्सेसिबिलिटीवाल्यांनी केलेली शीट, आणि ‘नुसत्या रंगाने माहिती देऊ नका’ या १.४.१ निकषाला पहिल्याच ओळीत नापास! मला ऐकू येतं ते ‘रिकामं, रिकामं, रिकामं’. वर सेल इतके मर्ज केलेत की मी कुठल्या स्तंभात उभा आहे तेच कळत नाही. स्क्रीनशॉटला पर्यायी मजकूर नाही, नुसतं फायलीचं नाव. मी भांडायला आलेलो नाही, पण आपल्यातल्याच माणसांना जी गोष्ट उघडता येत नाही तिला सामायिक कशाला म्हणायचं?

आणि नाव नोंदवताना चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावणारी साइट निवडलीत तर मी तिथूनच रामराम.

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. चालू द्या.

जुनाजाणता

इथल्या तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, पहिली विकी मुळात अशाच कामासाठी जन्माला आली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये विकीविकीवेब सुरू केली ती प्रोग्रामरांनी आपापले डिझाइन पॅटर्न (नेहमीच्या अडचणींवरचे ठरलेले तोडगे) एकमेकांना सांगावेत म्हणून. पॅटर्नवाले तेव्हा तुमच्यासारखेच, थोडे आणि विखुरलेले. कुणीही पान उघडावं आणि बदलावं, एवढाच नियम.

याच्या उलट न्यूपीडिया हा ऑनलाइन विश्वकोश. २००० साली सुरू झाला. लेख जाणकाराने लिहायचा आणि तो सात पायऱ्यांच्या तपासणीतून जायचा. जाणकार होते, पाठीशी कंपनीचा पैसा होता, आणि पहिल्या वर्षात पुरे झालेले लेख दोन डझनसुद्धा भरले नाहीत. त्याच मंडळींनी जानेवारी २००१ मध्ये कच्चा माल यावा म्हणून बाजूला विकिपीडिया उघडला. २००३ पर्यंत मूळ दुकान बंद.

पण तुमचा प्रश्न सांभाळण्याचा आहे, आणि त्यासाठी डीमॉझ आठवावं. विषयवार वेबसाइटांची निर्देशिका, १९९८ पासून, सगळी स्वयंसेवक संपादकांच्या जोरावर. एकेका विभागाला संपादक नेमलेला असायचा. काही विभाग झकास चालायचे. काहींचे संपादक केव्हाच दुसरीकडे रमलेले, आणि बाहेरून पाठवलेल्या सूचना तशाच पडून. मी स्वतः पाठवलेली एक सूचना कुणी उघडली की नाही ते मला कधीच कळलं नाही. जागा रिकामी दिसली असती तर कुणीतरी पुढे आलं असतं. नाव लावलेलं असल्यामुळे ती भरलेली वाटायची. मार्च २०१७ मध्ये ते सगळंच बंद झालं.

तेव्हा पानं वाटून द्याल तेव्हा नावापुढे मुदत घाला. सहा महिने म्हणा. मुदत संपली आणि त्या व्यक्तीने ‘आहे’ म्हटलं नाही, तर नाव आपोआप निघालं पाहिजे. कुणाला वाईट वाटायचं कारण नाही, यंत्रानेच काढलं.

शांभवी_क

जुनाजाणता, मुदतीचं एकदम पटलं. पण विकिपीडियाचं जसंच्या तसं इथे लावू नका. आपला सल्ला थेट कोडमध्ये जातो. तो चुकला की कुणाचा तरी फॉर्म अर्ध्यावर अडतो.

एरियाचं, म्हणजे एखादा घटक काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणांचं, उदाहरण घ्या. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या मार्गदर्शिकेतच सुरुवातीला बजावलंय की चुकीच्या एरियापेक्षा एरिया नसलेली बरी. आणि आपल्या डॉक्युमेंटमध्ये काय लिहिलंय? वेबसाइटच्या वरच्या नेव्हिगेशनला मेन्यूचा रोल द्या! तो रोल दिला की स्क्रीन रीडर त्याला डेस्कटॉप ॲप्लिकेशनमधला मेन्यू समजतो. ऐकणारा साहजिकच बाणांच्या कळा दाबतो. कोडमध्ये बाणांची सोय केलेलीच नसते. साध्या लिंकांची यादी ठेवली असती तर काही अडलं नसतं. हे वाक्य त्या डॉक्युमेंटमधून किती प्रोजेक्टांत गेलं असेल कोण जाणे.

वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख मुख्यपृष्ठं यंत्राने तपासते. त्यात एरिया वापरलेल्या पानांवर सरासरी चुका जास्त सापडतात. एरियामुळेच चुका होतात असं यातून सिद्ध होत नाही, गुंतागुंतीच्या पानांवर ती जास्त वापरली जाते हेही आहेच. पण सावध राहायला तेवढं पुरेसं आहे.

माझी मागणी: एरियाचं पान दोन जणांनी, त्यातल्या एकाने रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने, तपासल्याशिवाय दिसू नये. बाकी सगळं खुलं.

कळफलक

दोन-दोन तपासनीस आणणार कुठून? याचाच न्यूपीडिया होईल.

शांभवी_क

होऊ दे की. एरियाची चारच पानं झाली तरी चालतील. बाकीच्यासाठी मूळ मार्गदर्शिकेची लिंक द्या आणि गप्प बसा. सगळ्यावर आपलं पान असलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

कळफलक

बरं. चार पानं मान्य.

पहिलीच_वेळ

मी या कामात नवीन आहे, त्यामुळे स्पष्ट बोलते, राग मानू नका. मला निकषांची मराठी स्पष्टीकरणं नकोत. २.२ मध्ये ८६ निकष आहेत, त्यांचा अर्थ सांगणारी भरपूर पानं आधीच आहेत. माझं अडतं ते दुसरीकडेच. मी बग टाकला की डेव्हलपर ‘रिप्रोड्यूस होत नाही’ लिहून परत पाठवतो. मी लिहायचे, ‘बटण ॲक्सेसिबल नाही’. तो तरी काय करणार बिचारा?

मग आमच्या टीममधल्या एका ताईंनी लिहिलेला बग पाहिला. तो असा होता:

‘एनव्हीडीए आणि फायरफॉक्स, दोन्हींच्या आवृत्त्या खाली. लॉगिनच्या पानावर पासवर्डच्या चौकटीतून एकदा टॅब दाबा. ऐकू येतं: “बटण”. ऐकू यायला हवं: “पासवर्ड दाखवा, टॉगल बटण, दाबलेलं नाही”. एंटर दाबल्यावर पासवर्ड पडद्यावर दिसतो, पण ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. कारण: बटणात फक्त डोळ्याचं चित्र आहे, नाव दिलेलं नाही, स्थितीही नाही. निकष ४.१.२. परिणाम: आजूबाजूला माणसं असताना पासवर्ड उघडा पडला तरी वापरणाऱ्याला पत्ता लागणार नाही.’

शेवटची ओळ वाचून डेव्हलपरने त्याच दिवशी दुरुस्त केलं. असे निरनिराळ्या प्रकारचे नमुने एका जागी मिळाले, तर माझ्यासारख्यांचं काम होईल. सिद्धांत नंतर वाचू.

दृष्टीआड_सृष्टी

वा! हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. ‘ऐकू येतं’ आणि ‘ऐकू यायला हवं’ हे दोन रकाने असले की निम्मं भांडण मिटतं. फक्त आवृत्ती हवीच हवी. एनव्हीडीएच्या वर्षाकाठी साधारण चार आवृत्त्या येतात, ब्राउझर तर त्याहून भराभर बदलतात. आज जे ऐकू येतं ते वर्षाने येईलच असं नाही. तारीख आणि आवृत्ती असेल तर नोंद जुनी होते, खोटी ठरत नाही. सांभाळण्याचा अर्धा बोजा तिथेच उतरतो.

तोंडाला_कुलूप

एक धोक्याची सूचना. असे नमुने गोळा करताना क्लायंटच्या साइटचे स्क्रीनशॉट, पत्ते, फॉर्ममधला डेटा काही म्हणता काही येता कामा नये. आपण सगळ्यांनी एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सह्या केल्यात. नाव पुसलं तरी रंगसंगती आणि मांडणीवरून साइट ओळखू येते.

त्यापेक्षा मुद्दाम बिघडवलेली पानं आपणच बनवू. डब्ल्यूथ्रीसीचा ‘बिफोर अँड आफ्टर’ नावाचा डेमो आहे, त्यात एकच साइट आधी बिघडलेली आणि मग दुरुस्त केलेली, अशी शेजारी शेजारी ठेवलीय. तसंच, पण छोटं. एका पानावर एकच दोष. नमुना त्या पानावर लिहायचा, म्हणजे कुणालाही स्वतः टॅब दाबून पडताळता येईल. उद्या एनव्हीडीएची नवी आवृत्ती आली की तीच पानं पुन्हा ऐकायची.

दृष्टीआड_सृष्टी

@तोंडाला_कुलूप, झकास कल्पना. पहिलं पान मी सुचवतो, कारण इंग्रजीतल्या साठ्यांमध्ये हे मिळणार नाही. सगळा मजकूर मराठी, पण पानाच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये (भाषा सांगणाऱ्या खुणेत) इंग्रजी लिहिलेलं. मराठी साइटांवर हे सर्रास दिसतं, टेम्प्लेट उचललेलं असतं आणि ती ओळ कुणी बदललेली नसते. निकष ३.१.१. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, ऐकणाऱ्याला मात्र मराठी मजकुरासाठी भलताच आवाज बसतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आवाज आहे, तेव्हा पडताळायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

दुसरं पान: लँग बरोबर, पण मध्ये इंग्रजीतला अख्खा परिच्छेद, त्याला भाषेची खूण नाही. निकष ३.१.२. ही दोन पानं मी लिहून देतो.

रोकठोक

सगळे फार गोड बोलताय, थोडं आंबट मी बोलतो.

मी एकदा अशीच फुकटात चेकलिस्ट लिहून नेटवर टाकली होती. पुढे ती एका ट्रेनिंग देणाऱ्यांच्या स्लाइडवर त्यांच्या लोगोसकट पाहिली. फी भरून बसलेल्या लोकांसमोर. विचारलं तर म्हणाले, नेटवर होती, घेतली. तेव्हा परवाना काय ठेवणार ते आधी सांगा, मग मी अक्षर लिहीन.

सीडीडीबीची गोष्ट जुनाजाणता यांना आठवत असेल. साध्या सीडीत गाण्यांची नावं नसायची, म्हणून लोकांनी घरी बसून हजारो सीडींच्या याद्या टाइप करून एका सामायिक डेटाबेसमध्ये भरल्या. पुढे तो विकला गेला, त्याचा ग्रेसनोट झाला, आणि वापरायच्या अटी आवळल्या. ज्यांनी टाइप केलं त्यांनाच अटी! त्या चिडीतूनच म्युझिकब्रेन्झ हा खुला डेटाबेस उभा राहिला, आणि त्यांनी आपला मूळ डेटा सीसी झिरो या बिनअटींच्या परवान्याखाली खुला ठेवला, म्हणजे पुन्हा कुणाला कुलूप लावता येऊ नये.

शिवाय हा सगळा उद्योग कुणाच्या वेळात? कंपन्यांनी माणसं शिकवायची, तर शिकवतोय आपण, रात्री जागून.

शांभवी_क

परवान्याचं बरोबर आहे. वेळेबद्दल थोडं वेगळं म्हणते. एनव्हीडीए तरी कसं झालं? मायकल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलं, कारण दृष्टिहीन माणसाला संगणक वापरायचा तर संगणकाइतकाच महागडा स्क्रीन रीडर घ्यावा लागे. पण ते रात्रीच्या जागरणावर थांबले नाहीत. जेम्स टेह यांच्यासोबत २००७ मध्ये रीतसर संस्था काढली, देणग्या घेतल्या, अनुदानं घेतली, कामाचे पैसे दिले. फुकट सुरू करण्यात गैर काही नाही, कायम फुकटच चालेल असं धरणं गैर. आपल्याला आत्ता संस्थेची गरज नाही, पण कुणी पैसे द्यायला आलं तर कुठल्या कामाला घ्यायचे ते लिहून ठेवा. मी म्हणेन तपासणीला. लिहायला लोक हौसेने येतात, तपासायला कुणी येत नाही.

आडवाट

परवान्याबद्दल माझा प्रस्ताव: मजकूर सीसी बाय-एसए ४.० खाली. कुणीही वापरा, शिकवा, पैसेसुद्धा घ्या, पण नाव द्या आणि सुधारून बाहेर दिलंत तर ते याच परवान्याखाली द्या. रोकठोक, तुम्ही ‘नॉन-कमर्शियल’ म्हणाल याची कल्पना आहे.

रोकठोक

म्हणणारच.

आडवाट

मग आपल्यातलेच जे फ्रीलान्स ट्रेनिंग घेतात त्यांना स्वतः लिहिलेलं सोडून बाकी काहीच वापरता येणार नाही. तुम्हीही त्यातलेच ना?

रोकठोक

हं. ठीक. पण नाव द्यायचं कसं ते पानाच्या तळाशी ठळक लिहा, चोराला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नको.

कळफलक

कोडच्या तुकड्यांना बाय-एसए नको. क्लायंटच्या प्रोजेक्टमध्ये चार ओळी घेतल्या की त्यांचे वकील जागे होतात. कोड एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली ठेवा. आणि डब्ल्यूसीएजीचा मजकूर उचलून आपल्या पानांत चिकटवू नका. डब्ल्यूथ्रीसीच्या कागदपत्रांचे नियम वेगळे आहेत, तो मजकूर आपल्या परवान्याखाली देण्याचा आपल्याला अधिकार नाही. निकषाचा क्रमांक आणि लिंक, बस.

आडवाट

तर मग आत्तापर्यंतचं असं धरते. जुनं डॉक्युमेंट वाचण्यापुरतं राहील, वर मोठ्या अक्षरात ‘जुनं आहे, प्रमाण मानू नका’. त्यातलं आपोआप काही नवीन जागी जाणार नाही. ज्याला एखादी गोष्ट हवी त्याने ती आज पडताळून, तारीख घालून न्यावी. मला वाटतं बरंच काही कुणी नेणारच नाही, आणि ते बरंच आहे.

सुरुवात नमुना-बगांनी आणि बिघडवलेल्या पानांनी. एरियाची चार पानं शांभवी सांगेल त्या पद्धतीने. निकषांची स्पष्टीकरणं, पुस्तकांच्या याद्या, टूलांची तुलना यातलं काहीही नाही. टूलांची तुलना तर मुळीच नाही, ती लिहिता लिहिताच शिळी होते. पानावर सांभाळणाऱ्याचं नाव आणि मुदत. मुदत संपली की ‘सांभाळणारं कुणी नाही’ अशी पाटी आपोआप. कळफलक, हे जमेल ना?

कळफलक

छोटी स्क्रिप्ट आहे, जमेल. फॉर्मही करतो, कॅप्चाशिवाय. स्पॅम येईल, पण तो मी निस्तरीन.

रिपॉझिटरी कुणा एकाच्या खात्यात नको, ऑर्गनायझेशन (सामायिक खातं) करू आणि मालक किमान दोन. एक मी. दुसरा वेगळ्या कंपनीतला हवा.

पहिलीच_वेळ

ताईंना विचारून तो पासवर्डवाला नमुना मी नव्याने लिहिलाय, आमच्या साइटचं काही न ठेवता. रकाने असे: दोषाचं पान, स्क्रीन रीडर व आवृत्ती, ब्राउझर व आवृत्ती, काय केलं, ऐकू येतं, ऐकू यायला हवं, कारण, निकष, वापरणाऱ्यावर परिणाम, तारीख. चालेल?

दृष्टीआड_सृष्टी

एक रकाना कमी आहे. ब्राउझ मोडमध्ये (पान वाचत फिरताना) ऐकलं की फोकस मोडमध्ये (फॉर्म भरताना)? दोन्हीकडे वेगळं ऐकू येऊ शकतं आणि डोळस टेस्टर हे हमखास लिहायचं विसरतात. आणि ‘ऐकू येतं’मध्ये जसं कानावर पडलं तसं लिहा, एनव्हीडीए बोलतं ते लिहून दाखवणाऱ्या स्पीच व्ह्यूअरमधून उचलून टाकलंत तर उत्तम. सारांश नको.

पहिलीच_वेळ

जोडते. स्पीच व्ह्यूअर हे प्रकरणच मला माहीत नव्हतं.

आडवाट

दुसऱ्या मालकाचं राहिलं. कुणी?

रोकठोक

सहा महिन्यांसाठी माझं नाव टाका. एरियाची पानं मात्र मला तपासायला लावू नका.